कांस्याचा कान

आमच्या आईचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट तिनं कधी लपवलीही नाही. दूधवाला दारात आला की त्याच्या देखतच ती दुधात बोट बुडवायची, थेंब नखावर धरायची आणि तो ओघळेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. पिठाच्या डब्यावरच्या फडक्याला अशी गाठ मारायची की ती तिलाच सुटावी. तेलाच्या बरणीवर बाहेरून कुंकवाचं बोट ओढून ठेवायची, म्हणजे मधल्या वेळेत तेल कुणी घेतलं तर कळावं. पाहुणे उठून गेले की सतरंजी झटकायची, आणि ते काही धुळीसाठी नसायचं. बीदरकडच्या हळ्ळीखेडला अप्पा शाळेचे हेडमास्तर होते. ते म्हणायचे, "तुमच्या आईला पोलिसात घेतलं असतं तर तालुक्यात चोर राहिला नसता." पण हे म्हणताना आधी स्वयंपाकघराकडे बघून घ्यायचे. मी तिचीच मुलगी. आज बीदरला, नौबादच्या माझ्या फ्लॅटवर कुरिअरवाला आला तरी मी दाराची साखळी काढत नाही, फटीतून आधी त्याच्या चपला बघते. माझे विद्यार्थी याला हसायचे. हसू देत बापडे.

आई उदगीरकडची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा तिला कानडीचं अक्षर येत नव्हतं, आणि इतकी वर्षं राहूनही तिची कानडी बाजारापुरतीच राहिली. किती, कसं दिलं, एक, दोन, नको, पुरे. एवढ्या भांडवलावर ती भाजीवालीशी तासभर भांडू शकायची. अप्पांना कानडी, मराठी आणि निजामाच्या वेळची दखनी अशा तिन्ही भाषा सारख्या यायच्या. मी आणि अक्का शाळेत कानडी बोलायचो, घरात मराठी. आईपासून काही लपवायचं असलं की आम्ही दोघी स्वयंपाकघरातसुद्धा कानडीत बोलायचो, आणि आईला ते मुळीच खपायचं नाही. "माझ्या चुलीम्होरं माझ्या भाषेत बोला," म्हणायची, "न्हाई तर दोघी बी भाईर व्हा."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण शकुंतला. ती गुलबर्ग्याला चित्रकलेच्या शिक्षणाला होती (आता कलबुर्गी म्हणायचं, माझ्या तोंडात अजून बसत नाही). तिथं तिला चित्रापेक्षा मूर्तीचं वेड लागलं, आणि मूर्तीतही धातू ओतण्याचं. शिक्षण संपवून ती घरी आली, आणि तिच्या मागोमाग भालकीच्या एका इंजिनिअर मुलाचं स्थळ आलं. अक्का नको म्हणाली. चार दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. शेवटी अप्पांनी तोड काढली. बेंगळुरूला एक मोठं प्रदर्शन होणार होतं, त्यात निवड झाली तर तिथल्याच कार्यशाळेत राहून काम करायची सोय होती. अप्पा म्हणाले, "एक मूर्ती कर. तिची निवड झाली तर तू जा, मी आडवा यायचो न्हाई. न्हाई झाली तर मुकाट्यानं भालकीला हो म्हणायचं." अक्कानं लगेच कबूल केलं. आईनंही केलं, कारण तिला खात्री होती की निवड होणार नाही.

घरामागच्या कडब्याच्या खोपीत मग अक्काचा कारखाना सुरू झाला. तिनं गुलबर्ग्याहून शरणप्पा नावाच्या ओतकाऱ्याला आणलं. पन्नाशीचा, पोट सुटलेला, गप्पिष्ट माणूस. देवळांच्या घंटा ओतण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याला मराठी येत नसे. अप्पांशी तो दखनीत बोलायचा, अक्काशी कानडीत आणि आईशी हातवारे करून. चहा मागताना अंगठा तोंडाशी नेऊन डोळे मिटायचा. आईला वाटायचं तो दारू मागतोय. जेवायला मात्र आमच्याच पंक्तीला. पुंडीची, म्हणजे अंबाडीची, आंबट भाजी, ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी त्याला इतकी आवडायची की जेवता जेवता तो स्वतःशीच मान हलवायचा. आई वाढायची हात भरून, पण त्याचं ताट उचलताना पेला, वाटी सगळं बघून घ्यायची. "ह्येचे डोळे फिरत्यात," ती मला म्हणायची. "भाकरीकडं बघायलाय आसं दाखवतोय, अन् बघायलाय कपाटाकडं." कपाटात तिची बोरमाळ होती. अक्काच्या लग्नासाठी राखलेली.

खोपीत काय चाललंय हे आईला कळू द्यायचं नाही, असं अक्कानं ठरवलं होतं. मेणाचं जनावर उभं राहिलं ते ओल्या गोणपाटाखाली, आणि आईनं विचारलं तेव्हा अक्का म्हणाली, "कुत्रं करायलेय." खरं तर तो लांडगा होता. गुलबर्ग्याच्या बसमधून येताना एकदा सकाळी तिनं हरभऱ्याच्या रानात लांडगा बघितला होता. बस थांबली, माणसं ओरडली, तरी तो पळाला नाही. मान वळवून, कान टवकारून बघत राहिला. अक्काला तेवढंच करायचं होतं, ती मान आणि ते कान. पण आमच्या आईपुढे लांडग्याचं नाव काढायची सोय नव्हती. ती स्वतः 'रानातला' म्हणायची, तेही हळू. आमच्यापैकी कुणी चुकून 'लांडगा' म्हटलं तर उठून चुलीत मीठ टाकायची आणि पुढे घटकाभर बोलायची नाही. हे का, ते तिनं सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. तिला शेकडो गोष्टी चालत नसत, त्यातलीच ही एक, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. म्हणून अक्का आणि शरणप्पा घरात त्या जनावराचं नाव कानडीत घ्यायचे. कानडीत लांडग्याला तोळ म्हणतात.

मेणावर माती, शेण आणि तूस कालवून लिंपलं, साचा वाळवला, मग तापवून आतलं मेण काढून टाकलं. धातूसाठी अक्कानं मोडीचं कांसं जमवलं. आईनंही माहेरची चिरलेली कांस्याची ताटं दिली, प्रत्येक ताट देताना ते दोन्ही बाजूंनी बघून. ओतण्याच्या दिवशी भट्टीचा भाता सकाळपासून घुरघुरत होता, तो आवाज मला अजून आठवतो. मुशीतला धातू साच्यात गेला तेव्हा शरणप्पानं सगळ्यांना श्वास धरायला लावला. त्याच्या घंटेच्या कामात तशी रीत होती, आणि आश्चर्य म्हणजे आईनंही श्वास धरला. पुढे साचा थंड झाल्यावर फोडला. घासून काढल्यावर आतून जे निघालं ते पाहून मी तोंडावर हात ठेवला. ताजं कांसं घासलं की पिवळंधमक दिसतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. रंग पुढे औषध लावून काळपट करायचा असतो. आई खोपीच्या दारात उभी होती. तिनं जनावराकडे बघितलं, शरणप्पाकडे बघितलं आणि आत गेली.

त्या दिवशी संध्याकाळी तिनं मला कोठीच्या खोलीत ओढलं आणि दार लावून घेतलं. बोरमाळ तिच्या गळ्यात होती. "बघ," म्हणाली, "आखूड झाली का न्हाई?" माळ खरंच गळ्याशी घट्ट बसली होती. मी म्हटलं, "आई, तू लठ्ठ झालीस." तिनं मला एक धपाटा घातला. मग मला सगळं सांगितलं. मधे अक्कानं ती माळ नव्यानं गुंफून आणायला हुमनाबादला नेली होती, तेव्हापासून तिच्या मनात होतंच. आणि मेणाचं काम सुरू व्हायच्या सुमारास खोपीच्या कुडाआड उभं राहून तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. शरणप्पा म्हणाला, दोन तोळे नको, एक तोळा पुरे. आणि अक्का म्हणाली, घरात सांगू नका. "माझ्याच पोटची पोर," आई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मागितलं आसतं तर दिलं नस्तं. पर मागायचं तर व्हतं!"

मी घाबरले. माझा अक्कावर जीव होता, पण मीही याच घरातली. मलाही ती पिवळी झळाळी दिसली होती. मूर्तीत सोन्याचा कण टाकतात हे शरणप्पाच सांगायचा. त्यातून अक्काचं हल्लीचं वागणं, ते गोणपाट, आम्ही खोपीत शिरलो की तिचं गप्प होणं. काहीतरी लपवलं जात होतं हे तर खरंच होतं. अप्पांच्या कानावर आईनं हे घातलं ते मराठीतच घातलं, एक तोळा म्हणून. अप्पा खूप वेळ सुपारी कातरत बसले. म्हणाले, "मूर्ती बेंगळुरूला जाऊ दे, मग विचारू." आईला ते पटलं नाही. मूर्ती गेली म्हणजे सोनंही गेलं, हा तिचा सरळ हिशोब होता.

मूर्ती न्यायला ट्रक यायचा होता, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मी दुपारी शाळेतून आले तर घर उघडं आणि आत कुणी नाही. अक्का आणि शरणप्पा रंगाचं औषध आणायला बीदरला गेले होते. मागून करवत चालल्याचा आवाज येत होता, किर्र किर्र, थांबत थांबत. खोपीत आई जनावराच्या पाठीवर चक्क मांड टाकून बसली होती. पदर खोचलेला, हातात अप्पांची लोखंड कापायची करवत. मी काही म्हणायच्या आत डावा कान तुटून गोणपाटावर पडला.

"आई! काय करायलीस हे?"

"वरडू नको. सोनाराकडं न्हेते."

"अगं पण कान?"

"मग काय पाय कापू? कान ल्हान हाय. कुणाच्या ध्यानात बी यायचं न्हाई."

तिला खरोखर तसं वाटत होतं. अक्काच्या त्या जनावरात कानांखेरीज दुसरं काही नव्हतं म्हटलं तरी चालेल, आणि आईला वाटत होतं की कुणाच्या ध्यानात येणार नाही. कान पदरात बांधून ती गावातल्या सोनाराकडे गेली. मला बरोबर नेलं, साक्षीला. सोनारानं कान कसोटीवर घासला, वर औषधाचा थेंब सोडला, तिथं हिरवा फेस आला. "काकू, ह्ये कांसं हाय," तो म्हणाला. "ह्यात सोन्याचा वास बी न्हाई." आईनं कान परत बांधला. घराच्या पायरीशी आल्यावर म्हणाली, "ह्यो सोनार मूळचा गुलबर्ग्याचाच हाय. शरणप्पाचा कुणी तरी लागत आसल."

दिवेलागणीला अक्का परत आली, ती थेट खोपीत गेली. मला वाटलं होतं ती किंचाळेल. ती बाहेर आली तेव्हा तिनं फक्त "कुणी?" एवढंच विचारलं. आईनं पदराची गाठ सोडून कान समोर ठेवला. "मी. आता माझा तोळा कुठं हाय त्ये सांग."

"कुठला तोळा?"

"मला फसवू नको शके. कुडाआडनं ऐकलाव मी."

शरणप्पा ओसरीच्या कडेला उभा होता. भांडण मराठीत चाललेलं, त्याला काही उमगत नव्हतं, पण हवा कळली होती. तो अप्पांना म्हणाला, "मास्तरसाब, अम्मा कायकू चिल्लारे?" अप्पांनी त्याला हातानं थांबवलं. मग आईकडे वळून त्यांनी शाळेत पोरांना विचारतात तशा आवाजात विचारलं, "तू मला मराठीत सांगितलीस. ते दोघं मराठीत बोलत व्हते का?"

"न्हाई. कानडीत. तेवढी कळती मला."

"मग कानडीतच सांग. त्यांच्या तोंडात जे शब्द व्हते तेच."

आईनं डोळे मिटले. तिची स्मरणशक्ती पक्की होती. तिच्या उदगिरी हेलात तिनं एकेक शब्द मांडला: "एरड तोळ ब्याड, ओंद तोळ साकु. मन्याग हेळब्याडरी."

आपलंच वाक्य आईच्या तोंडून ऐकून शरणप्पा खदखदून हसला. मग त्याची नजर जमिनीवरच्या कानाकडे गेली आणि तो हसायचा थांबला. अप्पांनी कपाळाला हात लावला. मलाही तोवर कळलं होतं, आणि मी अक्काकडे बघत होते की ती आता काय करते. दिवा लागलेला होता. त्या वेळी ते नाव घ्यायचं नाही हे तिलाही ठाऊक होतं.

"आई," अक्का म्हणाली, "तोळ म्हंजे तोळा न्हाई. मला लांडग्याची जोडी करायची व्हती. धातू पुरायचा न्हाई म्हणून ते म्हणले, दोन लांडगे नकोत, एक पुरे. त्ये कुत्रं न्हाई आई. लांडगा हाय."

आई मीठ टाकायला उठली नाही. बसल्या जागी ती मागे सरकली आणि भिंतीला टेकली. "माझ्या घराम्हागं?" ती म्हणाली. "येवढे दिवस? अन् मी त्येच्या पाठीवर बसले?" मग तिनं जे सांगितलं ते आम्ही कुणीच, अप्पांनीसुद्धा, आधी ऐकलेलं नव्हतं. तिच्या पाठचा एक भाऊ होता. पाळण्यातून उतरून नुकता चालायला लागलेला. उन्हाळ्यात सगळे अंगणात निजायचे. तो रडायचा थांबेना म्हणून तिची आई वैतागून म्हणाली, गप की, न्हाई तर लांडगा न्हील. त्याच उन्हाळ्यात त्याला अंगणातून लांडग्यानं नेलं. "नाव घेतलं म्हणून आला," आई म्हणाली. "माझ्या आईनं पुन्हा कदी त्ये नाव घेतलं न्हाई. म्या बी न्हाई." हे सांगताना ती रडली नाही. तिची बोटं कानाच्या कापलेल्या कडेवरून फिरत होती.

अक्का तिच्या शेजारी जाऊन बसली. शरणप्पानं अप्पांना हळूच सांगितलं की भट्टी पेटवतो, कान डाग देऊन बसवून टाकतो, सकाळपर्यंत काही झालंच नव्हतं असं दिसेल. अप्पांनी ते आईला सांगितलं. आईनं कान मुठीत धरला. "मी देत न्हाई," म्हणाली. "जाऊ द्या त्येला एका कानानं. पुन्हा आला तर वळखीन."

अक्का तिच्याकडे बघत राहिली. माझ्या अंदाजानं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढून बेंगळुरू, भालकीचा इंजिनिअर, सगळंच गेलं असणार. एका कानाची मूर्ती कोण निवडणार? तिला हिसकावून घेता आला असता तो कान. आईच्या मनगटात असा कितीसा जोर होता? पण अक्का उठली, खोपीत गेली आणि रंगाचं औषध लावायला बसली. कापलेल्या जागेलाही तिनं तसाच काळा रंग दिला. सकाळी ट्रकमध्ये लांडगा चढवताना आई दारात उभी राहून गोणपाट नीट झाकलंय का ते बघत होती.

निवड झाली. त्या प्रदर्शनाच्या पुस्तकात कुणा जाणकारानं त्या नसलेल्या कानावर अख्खं पान लिहिलं होतं: निसर्गावर माणसाचा घाव, मौन, आणखी काय काय. अप्पांनी ते पान आईला मराठीत करून वाचून दाखवलं. आईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "ह्येला कुणी सांगितलं? शरणप्पानं?" अक्का बेंगळुरूला गेली ती गेलीच. नाव झालं तिचं. भालकीच्या इंजिनिअरला दुसरी मुलगी मिळाली. तो लांडगा अक्कानं कधी विकला नाही. पुढे ती गुलबर्ग्याला राहायला आली, आता तिथल्या तिच्या घराच्या ओसरीवर असतो. घरी आलेले लोक सवयीनं त्याच्या उरलेल्या कानावरून हात फिरवतात. आई एकदाही त्या घरी राहायला गेली नाही. अक्काला भेटायची ती माझ्याकडे, नौबादला, आणि दोघी खूप बोलायच्या, त्या एका गोष्टीखेरीज सगळं.

आई शेवटी माझ्याकडेच होती. आवाज गेला होता, नुसते ओठ हलायचे. पण पेज भरवताना वाटी कडेपर्यंत भरली आहे का ते अजून बघून घ्यायची. एका दुपारी तिनं मला जवळ बोलावलं. "बोरमाळ तुला," म्हणाली. मग दम घेऊन, "कपाटात खाली. तोळा अक्काला दी." तेवढंच. मी हो म्हटलं आणि तिच्या उशाशी बसून मनात हिशोब मांडायला लागले, कारण मी तिचीच मुलगी. कुठला तोळा? मला न सांगता कधी घेतला? इतकी वर्षं तिचं औषधपाणी मी केलं आणि गुपचूप सोनं साठवलं ते अक्कासाठी? आई गेल्यावर दिवसकार्य होईपर्यंत मी त्या कपाटाला हात लावला नाही, पण झोपताना किल्ली उशाखाली ठेवत होते.

अक्का आली तेव्हा आम्ही दोघींनी मिळून ते उघडलं. खालच्या खणात, लुगड्यांच्या मागे, चोळीच्या कापडाच्या तुकड्यात बांधलेली एक पुरचुंडी होती, तिच्या त्या खास गाठीची. गाठ आम्हाला सुटेना, शेवटी कात्रीनं कापली. आत कान होता. अक्कानं केलेला काळा रंग त्याला कधी लागलाच नव्हता, आणि इतक्या वर्षांत हात फिरून फिरून तो गुळगुळीत झाला होता. अजून पिवळा होता. सोन्यासारखा.

अक्का खाली बसली. कान तळहातावर घेऊन म्हणाली, "आई काय म्हणली? तिच्या तोंडात जे शब्द व्हते तेच सांग."

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. तिचे हलणारे ओठ मला आठवले. त्या शब्दाच्या शेवटी तिचं तोंड उघडलं नव्हतं. शेवटचा आ माझा होता, मी लावलेला.

"तोळ अक्काला दी," मी म्हणाले. "तोळ म्हणली, अक्का. तोळा न्हाई."

अक्कानं कान मिटल्या मुठीत धरला, आईनं धरला होता तसाच. मग म्हणाली, "म्हंजे नाव घेतलं की गं तिनं."